कोरडी कातडी

तिसरा लाल दिवा लागला की घाटातली फेरी सुटणार, हे शर्वरी गुरवला पक्कं माहीत होतं. दोन लागून झाले होते आणि डेपोचं वर्ष मार्चअखेर संपायला अजून चार महिने होते.

हा दिवा स्टिअरिंगच्या वर, काचेला चिकटवलेल्या काडेपेटीएवढ्या डबीवर लागायचा. कागदोपत्री डबीचं नाव ‘चालक स्वास्थ्य संवेदक’. ड्रायव्हर मंडळी तिला हुंग्या म्हणत. दख्खन-कोकण बससेवेच्या चार हजार विजेवरच्या गाड्यांत गेल्या दोन वर्षांत एकेक हुंग्या बसला होता. डबीत केसाहून पातळ पडदे होते आणि त्यांवर डासाच्या सोंडेतल्यासारखी प्रथिनं पेरलेली होती. माणसाच्या घामातून उडून येणारे कण त्यांवर बसले की यंत्राला कळायचं, हा माणूस दमलाय, प्यायलाय, तापलाय की घाबरलाय. स्टिअरिंगच्या कव्हरमध्येही तेच पडदे होते, तळव्यांचा घाम वाचायला. कॅमेरे त्याआधीपासूनच होते. पण कॅमेरा बोंब मारतो डोळे मिटल्यावर आणि हुंग्या मिटण्याच्या आधी. मागच्याच वर्षी एका ड्रायव्हरला छातीत कळ यायच्या सात मिनिटं आधी हुंग्याने त्याचा थंड घाम ओळखला होता, गाडी आपोआप कडेला घेतली होती आणि माणूस वाचला होता. त्यामुळे हुंग्याला शिव्या घालतानाही लोक जरा जपूनच घालत.

शर्वरीचं दुखणं वेगळं होतं. जुलैमध्ये करंजवडे घाटातल्या कातळवळणावर तिच्या गाडीसमोर दरड आली होती. तिने ब्रेक मारला, गाडी घसरत कठड्यावर गेली आणि पुढचं एक चाक दरीवर लोंबकळत राहिलं. एकतीस प्रवासी मागच्या दाराने एकेक करून उतरेपर्यंत, बावीस मिनिटं, तिने ब्रेकवरचा पाय हलवला नाही. डेपोत सत्कार झाला, शाल मिळाली. सप्टेंबरमध्ये त्याच वळणावर हुंग्याने पहिला लाल दिवा लावला. ‘भीती, तीव्र.’ गाडीने आपला आपण वेग उतरवला आणि पुढच्या सपाट जागी जाऊन थांबली. दुसरा ड्रायव्हर खालून येईपर्यंत प्रवासी तिच्याकडे बघत बसले होते.

“गाडी चालवण्यात माझी काही चूक झाली का?” तिने डेपो मॅनेजर वाघमोडेंना विचारलं होतं.

“नाही. पण नियम नियम आहे, मॅडम. वर्षात तीन लाल झाले की घाट बंद. मग शहरातली फेरी घ्यायची.”

शहरातली फेरी म्हणजे स्टँड ते रेल्वे स्टेशन, दिवसाला बावीस वेळा. शर्वरीने घाटासाठी सहा वर्षं घासली होती. घाटात एकट्याने गाडी नेणारी ती त्या डेपोतली पहिली बाई होती.

तिने आधी साधा उपाय केला. नवऱ्याच्या मेडिकलमधून वाळ्याच्या वासाचा चांगला कडक डिओडरंट आणला आणि कातळवळणाच्या आधीच्या थांब्यावर दोन्ही काखांत सढळ हाताने मारला. दुसरा लाल दिवा त्याच फेरीत लागला.

त्या संध्याकाळी ती दुकानात गेली, तेव्हा तिचा नवरा विश्वजित काउंटरवर एकटाच होता. ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, “हे डिओ मारूनही घाम येतोच की. काय उपयोग याचा?”

“अगं, घाम थांबवायचं त्याचं कामच नाही.” विश्वजितला असं काही विचारलं की तो खुलायचा. “घामाला स्वतःला वास नसतो. अंगभर जो घाम येतो तो नुसतं खारट पाणी, अंग गार करायला. काखेतला वेगळा. तो दाट असतो, त्यात चरबी असते, प्रथिनं असतात. आणि तो उन्हापेक्षा मनाने जास्त येतो. भीती, राग, लाज. कातडीवरचे जंतू तो खातात आणि मग वास सुटतो. डिओ जंतू मारतो आणि वर अत्तर शिंपडतो. घाम येतच राहतो.”

“आणि घाम येऊच नये असं?”

“ते अँटिपर्स्पिरंट. त्यात अॅल्युमिनियमचे क्षार असतात. घामाच्या नळीच्या तोंडाशी ते घट्ट होऊन बूच बसवतात. जुनी औषधं दिवस-दोन दिवस टिकायची, घाम निम्मा व्हायचा. आता ही नवी जेलं आलीत,” त्याने मागच्या कपाटातून एक निळी ट्यूब काढून दाखवली. “तीन आठवडे बूच हलत नाही. ज्यांना तळव्यांना घाम सुटून पेन धरता येत नाही त्यांच्यासाठी आहे खरं तर. अंगभर फासायचं नाही, उन्हाळ्यात तर अजिबात नाही.”

शर्वरीच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. हुंग्याला अत्तरं वजा करायला शिकवलेलं होतं. डिओडरंटच्या आडून तो आरामात बघत होता. पण घाम बाहेरच आला नाही तर तो हुंगणार काय? आणि डिसेंबर होता. थंडीत कातडी कोरडी असली तर त्यात संशय घेण्यासारखंही काही नव्हतं.

“एक दे मला,” ती म्हणाली. “आत्याच्या रसिकाच्या लग्नात सिल्कची साडी नेसायचीये. दरवेळी काखेत डाग पडतात.”

विश्वजितने ट्यूब पुढे केली, मग हात थोडा मागे घेतला. “ड्रायव्हरना हे चालत नाही ना? पाकिटावर सूचना आहे बघ.”

“लग्नाला मी गाडी घेऊन जाणार आहे का?”

तो हसला. त्याने ट्यूब दिली. बारा वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी पहिल्यांदाच असं सरळ तोंडावर खोटं बोलली होती आणि ते इतकं सहज जमलं याचंच तिला रस्ताभर वाईट वाटत राहिलं.

पुढच्या फेरीला कातळवळण आलं तेव्हा तिची छाती नेहमीसारखीच धडधडली. जीभ टाळ्याला चिकटली. हात मात्र कोरडे होते आणि हुंग्या हिरवा होता. वळण गेलं. ती खाली उतरली तेव्हा तिला हसू येत होतं.

जानेवारीत परबकाका तिला चार्जिंगच्या शेडमध्ये गाठून म्हणाले, “काय गो, तुझो हुंग्या बरो गप झालो?”

दत्ताराम परब डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर. घाट तिला त्यांनीच शिकवला होता. उतारावर ब्रेक किती आणि मोटारचा रोध किती वापरायचा, धुक्यात कठड्याच्या पांढऱ्या पट्ट्यांऐवजी झाडांचे बुंधे कसे मोजायचे, सगळं. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्यांच्यापासून तिने कधी काही लपवलं नव्हतं. तिने ट्यूबची गोष्ट सांगून टाकली.

काकांनी आपले तळवे उलटेसुलटे करून बघितले. मग म्हणाले, “माका पण दी थोडा.”

“तुम्हाला कशाला? तुम्ही कधी घाबरता होय?”

“भीती खंयची गो. वय झाला. जिना चढलंय तरी घाम फुटता. दोनदा पिवळो लागलो. ह्या डॉक्टराक दाखवा, त्या डॉक्टराक दाखवा, आणि तोपर्यंत घाट बंद. आठ महिने रवले. माका घाटातसूनच उतराचा आसा.”

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं असतं तर त्यांचे ओठ तिला तेव्हाच काळसर दिसले असते. पण तिला गाडीची वेळ झाली होती. तिने अर्धी ट्यूब एका रिकाम्या डबीत पिळून त्यांना दिली आणि वर शहाणपणाने सांगितलंही, “नुसतं काखेत नाही. तळव्यांना लावा, मानेला लावा, छातीला, कपाळाला लावा. तो सगळीकडून हुंगतो.”

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिला खाली कोकणात जायचं होतं. सुट्टी होती, म्हणून सकाळच्या नऊच्या गाडीत ती प्रवासी म्हणून बसली. गाडी परबकाकांची होती. ती ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्याच सीटवर बसली. घाटमाथा येईपर्यंत दोघांच्या गप्पा चालल्या होत्या. मग काकांची उत्तरं तोकडी झाली आणि नंतर नुसतं ‘हं’ येऊ लागलं.

तिने आरशात पाहिलं. काकांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. ते डावा हात पुन्हा पुन्हा स्टिअरिंगवरून काढून झटकत होते आणि जबडा चोळत होते. डबीवरचा दिवा हिरवा होता.

“काका, बरं वाटत नाही का?”

“माका काय्येक झाला नाय.”

“गाडी बाजूला घ्या जरा.”

“अगो, हिरवो आसा बघ तो.”

क्षणभर तिचाही जीव भांड्यात पडला. हिरवा होता खरा. दोन वर्षांत त्या दिव्यावर विश्वास ठेवायची सवय लागली होती, लाल दिव्याचा राग यायचा तोही त्या विश्वासापोटीच. तिने उठून काकांच्या मानेवर हात ठेवला. मान गार होती आणि पिठाच्या डब्यात हात घातल्यासारखी कोरडी होती. अशा वेळी माणसाचा सदरा भिजून अंगाला चिकटतो, हे प्रशिक्षणात त्यांना चित्रं दाखवून शिकवलं होतं. काकांचा सदरा इस्त्रीसारखा कडक होता. तिने दिलेली बुचं घामाच्या लाखो नळ्यांत घट्ट बसली होती.

“काका, थांबवा! आत्ता!”

तिचा आवाज ऐकून मागचे प्रवासी उठून उभे राहिले. काकांनी ब्रेक दाबला, पण पाय तिथे टिकेना. शर्वरीने सीटच्या वरून वाकून हँडब्रेक ओढला. गाडी डोंगराच्या बाजूला घासत, अर्धी रस्त्यात थांबली. काका स्टिअरिंगवर कलले.

दोन प्रवाशांनी त्यांना मधल्या जागेत आडवं केलं. शर्वरीने आपत्कालीन नंबर लावला. पलीकडच्या डॉक्टरने विचारलं, शुद्ध आहे का, गिळता येतं का, अॅस्पिरिन कुणाकडे आहे का. एका वयस्क बाईंच्या पर्समध्ये गोळी निघाली. ती चावायला दिली. “रुग्णवाहिका घाट चढून यायला पाऊण तास लागेल,” डॉक्टर म्हणाला. “तुम्ही खाली आणू शकता का? वीस मिनिटांत पायथ्याशी गाठ पडेल. तिथे सगळं सामान आहे.”

“आणते,” शर्वरी म्हणाली.

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली, आपलं ओळखपत्र टेकवलं. पडद्यावर तिचं नाव आलं आणि नावापुढे दोन लाल ठिपके. तेव्हा तिच्या लक्षात आलं की पुढे कातळवळण आहे. आज तिची जी अवस्था होती ती हुंग्याने वाचली असती, तर गाडी जागच्या जागी गोठली असती आणि दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत हलली नसती. पण तिने दहा दिवसांपूर्वीच नवं जेल लावलं होतं. हुंग्याला तिच्या आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. ज्या औषधाने काकांचा गळा धरला होता, त्याच औषधामुळे आता गाडी हलणार होती. याचा विचार करायला वेळ नव्हता. तिने हँडब्रेक सोडला.

त्या अठरा मिनिटांतलं तिला पुढे फारसं आठवलं नाही. कातळवळणावर तोंडाला लोखंडाची चव आली होती एवढं आठवलं, आणि मागून कुणीतरी सारखं ‘श्वास चाललाय, श्वास चाललाय’ म्हणत होतं ते. पायथ्याशी पांढरी गाडी उभी होती.

परबकाका वाचले. हृदयाचा मोठा भाग मात्र कायमचा गेला. पंधरा मिनिटं आधी कळलं असतं तर एवढं नुकसान झालं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. 

चौथ्या दिवशी तिला दोन मिनिटं भेटू दिलं. काका नळ्यांमधून हळू बोलले. “कोणाक सांगू नको.”

“काका...”

“माझी अब्रू जायत. तुझो घाट जायत. सांगू नको.”

डेपोत तर उत्सवासारखं वातावरण होतं. हुंग्या नापास झाला होता! समोर माणसाचं हृदय बंद पडतंय आणि हा हिरवा दाखवतोय. संघटनेने ठराव केला की सगळ्या गाड्यांतून डब्या काढा. शर्वरीला पुन्हा शाल द्यायचं ठरलं. तिने बोलायची काहीच गरज नव्हती.

घटनेनंतर पंधरा दिवसांनी, सोमवारी, चौकशी होती. वाघमोडे होते, आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीची अपूर्वा देवधर नावाची इंजिनिअर पुण्याहून आली होती. तीसेक वर्षांची, रात्रभर झोप न झाल्यासारखी दिसणारी. तिने शर्वरीला सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि टिपून घेतलं.

“मान कोरडी होती? नक्की?”

“नक्की.”

“म्हणजे घामाशिवायचा झटका. आमच्याकडे असं एकच उदाहरण आहे, हे.” अपूर्वाने डोळे चोळले. “खरं सांगायचं तर आम्ही थंड घामावर फार भिस्त ठेवली. आता त्याचं वजन निम्म्यावर आणतोय. यंत्राला नव्याने शिकवून पुढच्या आठवड्यात चारही हजार गाड्यांत पाठवू.”

“निम्म्यावर म्हणजे?” शर्वरीने विचारलं.

“म्हणजे नुसता थंड घाम दिसला तर आता गाडी थांबणार नाही. आणखी दोन-तीन खुणा जुळाव्या लागतील.”

“आणि मागच्या वर्षी जो ड्रायव्हर वाचला तो?”

अपूर्वाने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, “तो नव्या नियमाने कदाचित वाचला नसता. पण परबांची नोंद आम्हाला नाकारता येत नाही.”

खोलीतला पंखा फिरत होता. शर्वरीने पंधरा दिवसांपासून अंगाला काहीच लावलं नव्हतं. जेलही नाही, डिओडरंटही नाही. बुचं आता सुटली होती. काखेतून घाम निघून ब्लाउजखाली बरगड्यांवरून ओघळताना तिला स्पष्ट जाणवत होता आणि त्याचा वास समोरच्या दोघांनाही येत असणार. कुठल्यातरी घाटात, तिने कधी न पाहिलेल्या एका माणसाला पुढच्या महिन्यात असाच घाम फुटेल, आणि दिवा हिरवाच राहील.

“नोंद खोटी आहे,” ती म्हणाली. “यंत्र चुकलेलं नाही. काकांना घाम येत होता. तो मी बंद केला होता.”

तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. वाघमोडे मध्ये एकदा “मॅडम, हे मी लिहून घेऊ का?” असं विचारते झाले, तेव्हा ती म्हणाली, “लिहून घ्या, नाहीतर मला पुन्हा धीर होणार नाही.” सांगताना तिने एक गोष्ट विचारली, जी कुणाला तोवर सुचली नव्हती. “जुलैपासून मी प्रत्येक फेरीला त्या वळणावर घाबरलेय. एकदाही गाडी चुकली नाही. तुमचं यंत्र भीती ओळखतं. पण भीती वाटणारा माणूस गाडी वाईट चालवतो, हे त्याला कुणी शिकवलं?”

अपूर्वाने वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

निकाल महिन्याने आला. हुंग्याचं जुनं शिक्षण कायम राहिलं. भीतीसाठी गाडी थांबवण्याचं कलम सहा महिन्यांसाठी स्थगित झालं आणि त्याचा वेगळा अभ्यास सुरू झाला. शर्वरीला दीड वर्ष घाटबंदी झाली. संघटनेच्या लोकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. कॅन्टीनमध्ये ती बसली की शेजारची खुर्ची रिकामी व्हायची.

विश्वजितच्या दुकानाला औषध प्रशासनाची नोटीस आली. तो चिडला नाही, हेच तिला जास्त जड गेलं. तो म्हणाला, “मला खरं सांगितलं असतंस तर?”

“तू दिलं नसतंस.”

“नसतंच दिलं.” मग बराच वेळ शटरच्या कुलपाशी खेळत राहिला. “पण तू घाबरतेस हे मला कळलं तरी असतं. सात महिने तू शेजारी झोपत होतीस, शर्वरी. ते त्या डबीला कळलं, मला नाही.”

एप्रिलमध्ये ती परबकाकांच्या गावी गेली. जावं की नाही, यावर तिने तीन रविवार घालवले होते. काकू दारातच होत्या. त्यांनी तिला पाणी आणून दिलं आणि माजघरात निघून गेल्या. काका पडवीत आरामखुर्चीत बसले होते. निम्म्याने बारीक झाले होते. तिच्याकडे न बघता ते समोरच्या माडांकडे बघत राहिले.

ती पायरीवरच बसली. ऊन चढत होतं. 

“त्या दिसा,” काका शेवटी बोलले, “माका घेवन उतरलंस, तेव्हा कातळवळणार तुका भय वाटला?”

“वाटलं. पूर्ण घाटभर वाटलं.”

“आणि गाडी?”

“गाडी नीट चालली.”

काकांनी मान हलवली. त्यांच्या कपाळावर, मानेवर घामाचे थेंब जमले होते आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती.

“तेहेतीस वर्सां घाट चालवलंय,” ते म्हणाले. “एक दिस असो गेलो नाय, जेव्हा त्या उतारार माझ्या पोटात गोळो इलो नाय. तुका शिकवताना ह्या सांगूक होया होता. लाज वाटली गो.”

 काकांनी खुर्चीवरचा आपला पंचा ओढून घेतला, शेजारच्या बाकावरची धूळ त्याने झटकली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

“पायरेर कित्याक बसलंस? वर ये.”